अपुऱ्या दिवसांचे बाळ, आईचे दूध आणि वजनाचा काटा

प्रश्न एका आईचा आहे. तिच्या बाळाचा जन्म २९ आठवडे पूर्ण होताच झाला आणि जन्मवजन १,१२० ग्रॅम होते. आज बाळ २६ दिवसांचे आहे. श्वासाचे यंत्र सुटले आहे, सलाईन बंद झाले आहे आणि दर तीन तासांनी २४ मिलि दूध नळीवाटे दिले जाते. ते सगळे आईचेच असते. दुधात मिसळण्याची पूरक पुडी अजून सुरू केलेली नाही. चौदाव्या दिवशी बाळ जन्मवजनावर परत आले आणि गेल्या सात दिवसांत ते १,२०५ ग्रॅमवरून १,३१० ग्रॅमवर गेले. शेजारच्या पेटीतले, जवळपास तेवढ्याच वजनाचे बाळ डब्याच्या दुधावर आहे आणि ते भराभर वाढते आहे. घरची मंडळी म्हणतात की आईच्या दुधात कस नाही, तेव्हा डबा सुरू करा. आईला विचारायचे आहे की आपले दूध बाळाला पुरते का, आणि वजन वाढावे म्हणून ते बदलावे का.

उत्तर आधी सांगतो, कारण ज्या आईचे बाळ पेटीत आहे तिला लांबलचक प्रस्तावना वाचण्याइतकी फुरसत नसते. दूध बदलू नका. मात्र जे चालले आहे ते तसेच चालू द्या असेही मी म्हणणार नाही, कारण आपण दिलेल्या आकड्यांत कमतरता स्पष्ट दिसते आहे. ती कमतरता आपल्या दुधाच्या कसात नाही. ती बाळाला मोजून दिल्या जाणाऱ्या मापात आहे आणि अजून न मिसळलेल्या पुडीत आहे. या दोन्ही गोष्टी एक-दोन दिवसांत सुधारता येतात आणि त्यासाठी डब्याची गरज नाही.

सुरुवात वजनाच्या हिशेबापासून करतो. सात दिवसांत १०५ ग्रॅम, म्हणजे रोज १५ ग्रॅम. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरच समाधान मानले जाते, कारण ‘रोज १५ ते २० ग्रॅम’ हा आकडा सर्वांच्या कानावरून गेलेला असतो. परंतु तो आकडा दर किलो वजनामागे रोजचा आहे. आपल्या बाळाचे या आठवड्यातले सरासरी वजन साधारण १,२५८ ग्रॅम धरले, तर त्याची वाढ दर किलोमागे रोज सुमारे १२ ग्रॅम होते. पोटात असते तर या काळात ते दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढले असते. म्हणजे वाढ थांबलेली नाही, घाबरण्यासारखी तर मुळीच नाही, पण अपेक्षेपेक्षा कमी आहे. पहिल्या दोन आठवड्यांतली घट आणि भरपाई या हिशेबात धरायची नसते. इतक्या लहान बाळांचे वजन सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन गाठले जाते. आपल्या बाळाने ते वेळेत गाठले आहे.

एका दिवसाच्या वजनावर मात्र काही ठरवू नये. नळी बदलली, शी झाली, हाताला लावलेली सुईची पट्टी निघाली, काटा दुसरा घेतला, एवढ्यानेही वीस-तीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात. त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने केलेले वजन आठवड्याच्या अंतराने पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ वजन पाहू नये. आपल्या पत्रात बाळाच्या डोक्याचा घेर आणि लांबी यांचा उल्लेख नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण दर आठवड्याला ही मापे घेण्यात आपल्याकडचे बरेच विभाग ढिले असतात. डोक्याचा घेर आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर आणि लांबी साधारण एक सेंटिमीटर वाढायला हवी. डोक्याचा घेर मेंदूच्या वाढीविषयी सांगतो, लांबी हाडे आणि स्नायू यांच्याविषयी सांगते, आणि वजन या सगळ्यांबरोबर चरबी आणि पाणीही मोजते. नुसते वजन वाढते आहे आणि लांबी जागेवर आहे, असे बाळ मला नीट वाढणारे वाटत नाही.

आता मापाकडे येऊ. दर तीन तासांनी २४ मिलि, म्हणजे दिवसाला १९२ मिलि. बाळ १,२०५ ग्रॅमचे होते तेव्हा हे माप दर किलोमागे जवळपास १६० मिलि होते आणि ते योग्य होते. आज बाळ १,३१० ग्रॅमचे आहे आणि माप तेच आहे, म्हणून दर किलोमागे ते १४७ मिलिवर उतरले आहे. बाळ वाढले, पण कागदावरची सूचना मागच्या आठवड्यातच राहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाढ मंदावण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण हेच असते. म्हणून वजन झाले की त्याच दिवशी दुधाचे माप नव्याने काढावे. आजच्या वजनाला १६० च्या हिशेबाने प्रत्येक वेळी २६ मिलि येते, आणि बाळाने ते सहज पचवले, पोट फुगले नाही, तर १८० च्या हिशेबाने २९ मिलिपर्यंत जाता येते.

पण नुसते माप वाढवून काम भागणार नाही, आणि येथेच आईच्या दुधाविषयीचा मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या दिवसांत प्रथिने आणि सोडियम अधिक असतात. पुढे प्रथिने हळूहळू कमी होत जातात. चौथ्या आठवड्यात १०० मिलि दुधात साधारण १.२ ग्रॅम प्रथिने आणि ६७ किलोकॅलरी धरल्या, तर आज आपल्या बाळाला दर किलोमागे सुमारे पावणेदोन ग्रॅम प्रथिने आणि ९८ किलोकॅलरी मिळत आहेत. या वजनाच्या बाळाची गरज साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने आणि ११५ ते १४० किलोकॅलरी इतकी आहे. नुसत्या दुधातून साडेतीन ग्रॅम प्रथिने द्यायची म्हटली तर दर किलोमागे जवळजवळ २९० मिलि दूध पाजावे लागेल, आणि एवढे दूध या बाळाचे पोट, हृदय आणि फुप्फुसे यांपैकी कोणालाच झेपणार नाही.

यात आईच्या दुधाचा दोष नाही. आईचे दूध पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिले सहा महिने पुरते, कारण ते बाळ नाळेतून मिळालेला साठा बरोबर घेऊन आलेले असते. शरीरातले सुमारे ८० टक्के कॅल्शियम गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. फॉस्फरस, लोह आणि चरबी यांचेही बहुतांशी तसेच आहे. आपले बाळ तो काळ सुरू होताहोताच बाहेर आले. जो पुरवठा नाळेतून व्हायचा होता तो आता तोंडाने करायचा आहे आणि जगातल्या कोणत्याही आईचे दूध नाळेची बरोबरी करू शकत नाही. घरच्या मंडळींना ही एवढी गोष्ट नीट समजावून सांगितली, तर ‘दुधात कस नाही’ हे वाक्य आपोआप बंद होते, असा माझा अनुभव आहे. आणि ते बंद होणे गरजेचे असते, कारण ते रोज ऐकणाऱ्या बाईचे दूध खरोखरच आटते.

या तफावतीसाठीच दुधात मिसळायची पूरक पुडी असते. तिच्यात प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस, काही जीवनसत्त्वे आणि थोडी ऊर्जा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या संगोपनाविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत ३२ आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, मानवी दुधावर असलेल्या बाळांसाठी अशा पूरकाचा विचार करावा असे म्हटले आहे. आपले बाळ दोन्ही अटींत बसते. दर किलोमागे ८० ते १०० मिलि दूध पचू लागले की आम्ही पुडी सुरू करतो. म्हणजे आपल्या बाळाची ती वेळ होऊन गेली आहे. समजा पुडीने १०० मिलिमागे एक ग्रॅम प्रथिने आणि १४ किलोकॅलरी वाढल्या आणि माप १६० वर आले, तर बाळाला साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि १३० किलोकॅलरी मिळतील. दुधाचे माप फारसे न वाढवता प्रथिने दुप्पट होतात. मात्र बाजारातल्या सर्व पुड्या सारख्या नाहीत. काहींत प्रथिने फारच कमी असतात, त्यामुळे ‘पुडी सुरू आहे’ एवढे ऐकून थांबू नये, तर पुडीवरचा तक्ता वाचून किती मिलि दुधात किती घालायची आणि त्यातून नेमके काय मिळते हे विचारून घ्यावे.

पुडी वापरताना काही शिस्त पाळावी लागते. ती पाजण्याच्या आधी, मोजलेल्या दुधात आणि सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावी. आदल्या दिवशी मिसळून ठेवलेल्या दुधाची तीव्रता वाढत जाते. वजन लवकर वाढावे म्हणून कोणी दुप्पट पुडी घालू लागले तर आतड्यांवर ताण येतो. तेथे उत्साह कामाचा नाही. ही पुडी बहुधा गायीच्या दुधापासून केलेली असते, म्हणून काही पालक आणि काही डॉक्टरसुद्धा तिला बिचकतात. आतापर्यंतच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर तिच्यामुळे आतड्यांचा गंभीर आजार वाढतो असे दिसत नाही आणि वजन, लांबी व डोके या तिन्हींची वाढ रुग्णालयात असताना थोडी सुधारते. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत पोटाचा घेर आणि पोटात उरलेले दूध यांकडे लक्ष ठेवले की पुरे. महिन्याच्या सुमारास रक्तातले फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तपासून हाडांना खनिजे पुरतात का, हे पाहिले जाते. रक्तातल्या युरियावरून प्रथिने कमी पडतात की जास्त होतात, हेही ताडता येते.

जेथे पुडी मिळत नाही तेथे काय करावे, हा प्रश्न तालुक्याच्या गावाहून नेहमी येतो. आईला बाळाच्या गरजेपेक्षा अधिक दूध येत असेल तर पहिली दोन-तीन मिनिटे काढलेले पातळ दूध वेगळे ठेवावे आणि नंतरचे, अधिक स्निग्ध दूध बाळाला द्यावे. त्याने ऊर्जा वाढते, प्रथिने वाढत नाहीत, हे लक्षात असू द्यावे. कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्वे औषधरूपाने वेगळी देता येतात. आईच्या दुधातच डब्याची पावडर मिसळण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून तो निर्णय डॉक्टरांनी समोर बसून घ्यायचा असतो. आत्याने किंवा मावशीने घ्यायचा नसतो.

आता शेजारच्या बाळाकडे वळतो, कारण आपल्या मनातली खरी बोच तीच आहे. डब्याच्या दुधावर रुग्णालयातले वजन लवकर वाढते, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दात्या मातांचे (म्हणजे इतर आयांनी दान केलेले) दूध आणि डब्याचे दूध यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत डब्यावरच्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर हे तिन्ही रुग्णालयात असेपर्यंत थोडे अधिक वाढले. मात्र त्याच चाचण्यांत आतडे सुजून कुजण्याचा जो आजार डॉक्टरमंडळी ‘एनईसी’ या नावाने ओळखतात, त्याचा धोका डब्यावरच्या बाळांत जवळपास दुप्पट होता. अॅलन लुकास आणि टिम कोल यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या तुलनेत सहा ते दहा पट अधिक आढळला. हा आजार झाला की आठ-दहा दिवस दूध बंद, सलाईन, प्रतिजैविके आणि कधी पोटाची शस्त्रक्रिया; दोन आठवड्यांत कमावलेले वजन तीन दिवसांत जाते आणि काही बाळे जातातही. आईच्या दुधातली प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन हे जंतूंशी लढणारे प्रथिन आणि आतड्यातल्या उपयुक्त जंतूंना पोसणाऱ्या शर्करा यांपैकी कशाचीही तशीच भर डब्यात घालता येत नाही. रक्तातला जंतुसंसर्ग आणि डोळ्यांच्या पडद्याचा तीव्र आजार यांचे प्रमाणही आईच्या दुधावरच्या बाळांत कमी आढळते.

आणखी एक निरीक्षण मला नेहमी विचार करायला लावते. फ्रान्समधल्या फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या दोन मोठ्या गटांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून घरी जाताना जी बाळे आईच्या दुधावर होती, त्यांचे वजन तोपर्यंत कमी वाढलेले होते, आणि तरीही पुढच्या तपासण्यांत त्यांचा बौद्धिक व शारीरिक विकास अधिक चांगला आढळला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. स्वतःचे दूध देत राहणाऱ्या आया इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात, हे मान्य करूनच तो वाचला पाहिजे. त्यातून ‘वजन कमी असले तरी चालेल’ असा अर्थ काढणेही चूक आहे, कारण त्याच अभ्यासकांचे म्हणणे दुधात योग्य पूरक घालून दोन्ही साधावे असे आहे. पण वजनाचा काटा म्हणजे वाढ नव्हे, एवढे तरी यातून दिसते. डब्याच्या दुधावरच्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते आणि आईच्या दुधावरच्या बाळांत चरबी सोडून उरलेल्या शरीराचा वाटा अधिक असतो, हेही मोजून पाहिलेले आहे. शेजारचे बाळ किती आठवड्यांचे जन्मले, त्याचे वजन पोटातच कमी राहिले होते का, त्याला पुडी किंवा वेगळी औषधे आहेत का, यांतले काहीच आपल्याला माहीत नसते. तुलना करायचीच असेल तर आपल्या बाळाच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करावी.

त्यासाठी वाढीचे तक्ते असतात. रुग्णालयात फेंटनचा तक्ता किंवा ‘इंटरग्रोथ-२१’चा तक्ता वापरला जातो. दुसरा तक्ता आठ देशांतल्या बाळांवरून तयार झाला आणि भारतातून त्यासाठी नागपूरची निवड झाली होती, म्हणून तो परक्यांचा तक्ता आहे, आपल्या मुलांना लागू नाही, ही तक्रार येथे टिकत नाही. त्यातली अपुऱ्या दिवसांची बाळे प्रामुख्याने आईच्या दुधावर होती, हा मला त्याचा आणखी एक गुण वाटतो; मात्र त्यांत फार लवकर जन्मलेली बाळे थोडीच होती, म्हणून २९ आठवड्यांच्या बाळासाठी मी फेंटनचा तक्ताही शेजारी ठेवतो. तक्त्यावर एखादा बिंदू कोठे आहे यापेक्षा रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहावे. जन्मानंतर बाळ एक पायरी खाली उतरून मग स्वतःच्या रेषेला समांतर वाढू लागले, तर ते बहुतेकदा ठीक असते. ते दर आठवड्याला रेषांमागून रेषा ओलांडत खाली येत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

माप आणि पुडी या दोन्ही गोष्टी दुरुस्त करूनही आठवड्याभरात वाढ सुधारली नाही, तर पुढची कारणे शोधावी लागतात. त्यांतले सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे सोडियम. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू शकत नाहीत आणि आईच्या दुधातले सोडियम काही आठवड्यांत कमी होते. कॅलरी पुरेशा, प्रथिने पुरेशी, आणि वजन मात्र जागेवर, अशा बाळाच्या रक्तातले सोडियम उतरलेले निघावे आणि तोंडाने थोडे मीठाचे द्रावण सुरू करताच चार दिवसांत वजन हलावे, हा प्रकार आमच्या विभागात नवीन डॉक्टरांना दरवर्षी पुन्हा समजावून द्यावा लागतो. घरी कोणी यावरून दुधात मीठ टाकू नये. हे द्रावण रक्त तपासून, मोजून द्यायचे असते. याशिवाय रक्त कमी असणे, छुपा जंतुसंसर्ग, हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी, दीर्घकाळ प्राणवायू लागणारी फुप्फुसे आणि थायरॉइडची कमतरता ही कारणे तपासली जातात.

दूध बाळापर्यंत पोहोचेपर्यंतही त्यातले काही हरवते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर स्निग्धांश साईसारखा वर येतो. ते न हलवता सिरिंजमध्ये ओढले तर साय बाटलीतच राहते. म्हणून बाटली जोराने न हलवता हळुवार फिरवून दूध एकसारखे करावे. पंपाने तासन्‌तास थेंबथेंब सोडलेल्या दुधातली चरबी नळीच्या भिंतीला चिकटते, त्यामुळे बाळाला झेपत असेल तर सिरिंजमधून एकदम, स्वतःच्याच वजनाने उतरू दिलेले दूध चांगले. दूध मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर तापवू नये. बाटली कोमट पाण्यात धरली की पुरते. काढलेले दूध खोलीच्या तापमानात चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चोवीस तासांपर्यंत वापरावे, असा नियम आम्ही लहान बाळांसाठी ठेवतो.

दात्या मातांच्या दुधाविषयी आपण विचारलेले नाही, पण कधी आपले दूध कमी पडले तर डब्याच्या आधी तोच पर्याय पाहावा, म्हणून दोन शब्द लिहितो. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्या मातेची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते. त्याने जंतू मरतात, पण दुधातली चरबी पचवणारे विकरही नष्ट होते आणि प्रतिपिंडे कमी होतात. हे दूध बहुधा पूर्ण दिवसांच्या आणि बऱ्याच महिन्यांच्या बाळांच्या आयांचे असते, त्यामुळे त्यात प्रथिने आणखी कमी असतात. म्हणून त्यावर बाळ अधिक सावकाश वाढते आणि त्यात पूरक घालणे अधिकच आवश्यक ठरते. आतड्यांचे रक्षण ते करते. आईच्या ताज्या दुधाची जागा मात्र घेत नाही.

तेव्हा सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे आपले दूध. आज बाळाला दिवसाला दोनशे मिलि लागते आणि तेवढे आपल्याला येते, म्हणून निर्धास्त राहू नका. हेच बाळ तीन किलोचे होईल तेव्हा त्याला दिवसाला ४८० मिलि लागेल, आणि पहिल्या काही आठवड्यांत स्तनांना जेवढी मागणी दिसते तेवढ्याचीच सवय लागते. म्हणून बाळ किती पिते याचा विचार न करता दिवसाला ५०० मिलिपर्यंत दूध काढण्याचे उद्दिष्ट ठेवा आणि जास्तीचे दूध तारीख-वेळ लिहून गोठवून ठेवा. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा दूध काढावे लागते. त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची हवी, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. ‘बाळंतीण थकली आहे, रात्री झोपू द्या’ ही सासूबाईंची माया समजण्यासारखी आहे, पण तिचा मान दुपारच्या झोपेने राखावा. हाताने दाबत-चोळत काढले तर पंपापेक्षा अधिक स्निग्ध दूध निघते, आणि पेटीजवळ बसून, बाळाकडे पाहत काढले तर पान्हा लवकर फुटतो.

अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू जरूर खा. त्यांनी आईची ताकद भरून येते. दूध मात्र स्तन रिकामे झाल्याने वाढते. पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीला पातळ वरण आणि भातावर ठेवणे मला मान्य नाही. डाळी, उसळी, दूध, अंडी, चालत असेल तर मासे, सारे खावे. बाळाला मात्र मध, गुटी किंवा जायफळाचे बोट काहीही लावू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ते धोक्याचे आहे, मग ते कितीही पिढ्यांपासून चालत आलेले असो.

वाढीचे आणखी एक औषध आपल्या छातीशीच आहे. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. आज पेट्या असल्या तरी ती करावी असे सांगितले जाते. एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या चाचणीत दिसले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय तिच्यात सहभागी होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला आठ ते चोवीस तास असे ठेवायला सांगते. आपल्याकडे ते भेटीच्या वेळेत अर्धा तास होते, आणि त्याचा उपयोग मुख्यतः फोटोपुरता होतो. बाळाला ऊब मिळाली की अंग गरम ठेवण्यात जाणाऱ्या कॅलरी वाढीसाठी उरतात, बाळ शांत झोपते आणि आईचे दूधही वाढते. आपल्या बाळाला यंत्र नाही, सलाईन नाही. त्याला दिवसाचे बरेच तास छातीशी घेण्यात आता कसलीच अडचण नसावी. आई जेवायला गेली तर बाबांनी किंवा आजीने घ्यावे.

बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. आपले बाळ आता पावणेतेहतीस आठवड्यांचे झाले आहे. दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला ते आजपासून लावता येईल. नळीतून दूध जात असताना त्याने स्तन चाटला, तोंडात धरला, तरी पुढचा मार्ग सोपा होतो. पुढे नळीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले येईल. बाटली आणू नका. अंगावर पिऊ लागल्यावर काही आठवडे बाळ लवकर दमते आणि स्तनाशीच झोपी जाते. म्हणून अंगावर पाजल्यानंतर काढलेले, पुडी घातलेले दूध वाटी-चमच्याने वर द्यावे आणि वजन पाहत ते हळूहळू कमी करावे. या काळात पाजणे, वर देणे आणि पुन्हा दूध काढणे अशी तिहेरी मेहनत पडते. घरातल्या एका माणसाने भांडी-कपडे-पाहुणे यांतून आईला पूर्ण मोकळे केले तरच ती निभते.

घरी जाताना ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट आणि लोहाचे थेंब दर किलोमागे रोज दोन ते तीन मिलिग्रॅम चालू असल्याची खात्री करून घ्या. लोह साधारण दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, म्हणजे आपल्या बाळाची ती वेळही आली आहे. पुडी घरी किती दिवस द्यायची ते घरी जातानाचे वजन आणि डोक्याचा घेर यांवरून ठरवतात. पहिली तपासणी आठवड्याच्या आत हवी, त्यानंतर वजन रोज २० ते ३० ग्रॅम वाढते आहे असे दिसेपर्यंत दर आठवड्याला. वय मोजताना प्रसूतीची जी मूळ तारीख दिली होती तेथून मोजावे आणि दोन वर्षांपर्यंत तक्त्यावर तेच वय लिहावे, नाहीतर अकरा आठवडे लवकर आलेल्या मुलाला उगीच ‘मागे’ ठरवले जाते. लसी मात्र जन्मतारखेपासून मोजून द्यायच्या असतात.

उद्या सकाळी डॉक्टर फेरीला येतील तेव्हा त्यांना चार गोष्टी विचारा: आजच्या वजनाला दुधाचे माप दर किलोमागे किती होते, पुडी केव्हा सुरू करणार आणि तिच्यात प्रथिने किती आहेत, गेल्या दोन आठवड्यांत डोक्याचा घेर व लांबी किती वाढली, आणि रक्तातले सोडियम शेवटचे कधी पाहिले. उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्याचे वजन त्यांच्याखाली मांडा.